शिंगाचे कंदील

त्या दिवसांत बाबा भर दुपारीही घरी असायचे आणि ते आम्हा तिघांनाही सोसत नव्हतं. ज्या माणसाला आम्ही फक्त पहाटे डबा उचलताना आणि संध्याकाळी पायरीवर बूट काढताना बघत आलो, तो आता सकाळी दहा वाजता गॅलरीत उभा राहून बहरीनमधल्या आमच्या हूऱ्याच्या गल्लीतल्या टॅक्सीवाल्यांना गाडी कशी लावावी ते सांगत होता. जहाजदुरुस्तीच्या यार्डात पत्र्याची चळत घसरून त्यांचं उजवं मनगट मोडलं होतं. बोटांपासून कोपरापर्यंत प्लास्टर. बाबांनी उभं आयुष्य पत्रा कापण्यात, वाकवण्यात आणि जोडण्यात घालवलेलं. उजवा हात गळ्यात अडकवून बसणं म्हणजे त्यांना जिवंतपणी कपाटात ठेवल्यासारखं होतं. आई पोळपाटावर काही लाटत असली तरी ते मागे येऊन उभे राहायचे. "कडा जाड रवली," म्हणायचे. आई लाटणं तिथेच ठेवायची आणि म्हणायची, "मग तुमी लाटा, डाव्या हातान."

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, एक अरुंद गॅलरी आणि वर मोकळी गच्ची, जी सगळ्या इमारतीची असली तरी वापरायचो फक्त आम्ही, कारण बाकीच्यांना एवढे जिने चढायचा कंटाळा. खाली केरळी माणसाचं चहाचं दुकान होतं. त्याच्या पेल्यांचा खणखणाट, शेजारच्या मशिदीतली अजान आणि आमच्या खिडकीतल्या जुन्या एसीची घरघर या तीन आवाजांवर माझं बालपण वाढलं. आई सावंतवाडीकडची. बाजारात मासळीवाला ज्याला चनाद म्हणायचा त्याला ती शेवटपर्यंत सुरमयच म्हणाली, आणि बांगडा मिळाला की गावाहून आणलेल्या डब्यातली तिरफळं मोजकीच काढून असं तिकलं करायची की जिन्यावर पाऊल टाकताच आज काय आहे ते कळावं. भाकरीला पीठ नसलं तर खालच्या भट्टीतल्या गरम अरबी रोट्या, खुबूस, यायचे. खुबूस आणि बांगड्याचं तिकलं! आजही अदलियातल्या माझ्या घराभोवती इतकी रेस्टॉरंट आहेत, पण ही जोडी कुणाच्या मेन्यूवर नाही, आणि मला त्याचं वाईट वाटतं.

मी तेव्हा शाळा संपवून नुकतीच मोकळी झाले होते. माझं काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, मलाही नाही. तोवर मनाम्यात एका टायपिंगच्या क्लासला घातलं होतं. कुठल्यातरी ऑफिसात रिसेप्शनवर बसेल, असा सगळ्यांचा अंदाज. टायपिंगमध्ये माझी बोटं हटकून दोन अक्षरांच्या मधे पडायची. घरात मात्र बिघडलेला स्टोव्ह, इस्त्रीची वायर, शेजारणीच्या मिक्सरचं झाकण हे सगळं माझ्याकडे यायचं. त्याला कुणी हुन्नर म्हणत नव्हतं. "सुलूचो हात बरो असा," एवढंच आई म्हणायची.

बाबांचा करार त्या हंगामात संपणार होता. नवा करायचा की नाही हे यार्डाचे सुपरिंटेंडंट हार्परसाहेब ठरवणार, आणि एका हाताच्या फोरमनचा व्हिसा कोण पुढे चालवतो? हे घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. पण आईने गावच्या घराचं छप्पर शाकारून घ्यायचा निरोप पाठवला, तेव्हा मी समजले.

आणि मग ते जहाज आलं.

वाऱ्यावर चालणाऱ्या जुन्या लढाऊ जहाजाची ती हुबेहूब नक्कल होती. उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड देशातल्या हौशी लोकांनी ते बांधलं होतं आणि ते बंदरोबंदरी हिंडत लोकांना दाखवत होते. तीन डोलकाठ्या, कुशीला तोफांच्या चौकोनी खिडक्यांची रांग, मागच्या बाजूला लाकडावर कोरलेली वेलबुट्टी. आखातात शमालने, म्हणजे उत्तरेकडच्या जोरकस वाऱ्याने, मधली डोलकाठी मोडली, म्हणून ते मीना सलमान बंदरात ओढून आणलं होतं. डोलकाठीचं काम सुतारांकडे गेलं. पण कप्तानाचं आणखी एक गाऱ्हाणं होतं. आदल्या एका बंदरात सलामीची तोफ उडवली तेव्हा तिच्या हादऱ्याने जहाजातल्या कंदिलांच्या काचा फुटल्या होत्या आणि एका खलाशाचा गाल चिरला होता. कप्तान म्हणत होता की आता काच नको. जुन्या जहाजांवर कंदिलाला शिंगाचे पातळ पापुद्रे लावायचे, तसेच लावून द्या, नाहीतर मी वायर ओढून बल्ब लावतो आणि मग हे जहाज कसलं, हॉटेल झालं! हे काम यार्डातल्या एकेका खात्यातून फिरून परत आलं. शिंग हा ना लोखंडाचा माल ना लाकडाचा. बाबा दर आठवड्याला हजेरी दाखवायला यार्डात जायचे. त्यांनी त्या दिवशी डावा हात वर केला.

घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा आई मासे साफ करत होती.

"हातात प्लास्टर असताना काम घेवन इलात? आणि करतलो कोण?"

"मी सांगतलंय, सुलू करतली," बाबा म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मला विचारायचं असतं हे त्यांच्या गावी नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी कुणी मला विचारलं असतं तर मी नाही म्हणाले असते.

शुक्रवारी जहाज लोकांना बघायला खुलं असायचं, म्हणून मापं घ्यायला आम्ही दोघं पाहुण्यांच्या रांगेतून वर गेलो. तिथे मला मार्टा भेटली. ती त्या जहाजाची दिवेवाली. उंच, उन्हाने भाजलेली, नखांत काजळी, खांद्यावर तेलाचं फडकं. बाईमाणसाचे हात असे काळे झालेले मी फक्त चुलीपाशी पाहिले होते. तिचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं, त्यामुळे आमचं लगेच जमलं. तिने मला खालच्या मजल्यावर नेलं. छत इतकं ठेंगणं की ती वाकून चालत होती. दोन-दोन तोफांच्या मधे एकेक रिकामा कंदील टांगलेला. "लढाईत धूर होतो," ती म्हणाली, "भर दुपारीही आपला हात आपल्याला दिसत नाही. हा दिवा विझला की तोफही आंधळी."

मग ती मला आणखी खाली घेऊन गेली, दारूच्या कोठारापाशी. तोफांची दारू जिथे ठेवायची तिथे ठिणगीसुद्धा न्यायची नाही. जोड्याच्या खिळ्याची ठिणगी पडेल म्हणून माणसं मऊ सपाता घालून आत जायची. पण काळोखात दारू मोजणार कशी? म्हणून शेजारी एक कपाटाएवढी वेगळी खोली, तिचं दारही वेगळं, आणि मधल्या भिंतीत पक्की बंद केलेली खिडकी. दिवा इकडे, उजेड तिकडे. "एक माणूस लढाईभर इथे बसायचा," मार्टा म्हणाली. "वात सारखी करायची. वर काय चाललंय ते त्याला दिसायचं नाही. फक्त उजेड जाऊ द्यायचा नाही." आता त्या कोठारात बटाट्यांची पोती होती. पण मी त्या लहानशा खोलीत उभी राहिले आणि खिडकीच्या चौकटीवर हात ठेवला. इतक्या मोठ्या जहाजाचा सगळा जीव एका वातीवर टांगलेला असतो आणि कुणीतरी तो सांभाळत बसतं, हे मला त्याआधी कधी कुणी सांगितलं नव्हतं. वर आले तेव्हा बाबा जहाजाच्या शेपटाशी उभे राहून तीन मोठ्या कंदिलांच्या चौकटी बघत होते. मुख्य सरदाराच्या जहाजावर मागे असे तीन असायचे. रात्री बाकीचा काफिला त्यांच्याकडे बघून चालायचा.

"जमतला मा?" मी विचारलं.

"बघूया," बाबा म्हणाले. ते 'बघूया' मी ओळखत होते. ठाऊक नसलं की ते तसं म्हणायचे.

शिंगं आणायला आम्ही मनाम्याच्या बाजारात हमझा नावाच्या खाटकाकडे गेलो. आम्हाला पांढुरकी शिंगं हवी होती, काळ्या शिंगातून उजेड जात नाही. हमझाने पोतं भरून दिलं आणि या हिंदूंना शिंगं कशाला हवीत म्हणून मान हलवत राहिला. घरी आईने पोत्याचं तोंड उघडलं आणि दोन पावलं मागे सरली.

"ह्या काय? शिंगां? माझ्या घरात? कोणाची ती?"

मला हमझाचा शब्द तेवढा आठवत होता. "थोराची," मी म्हणाले.

"थोराची म्हणजे? कोण थोर?"

"बैल गो. अरबीत बैलाक थोर म्हणतत."

आई पुन्हा पोत्याजवळ आली. मग म्हणाली, "खरां तां. बैलासारखो थोर कोण असा?" तिने पोत्याला हात जोडले. पण पोतं घरात येऊ दिलं नाही. "गच्चीवर न्या. आणि माझो एकव टोप मागूचो नाय."

तर गच्चीवर आमचा कारखाना सुरू झाला. पत्र्याच्या पिंपात शिंगं भिजत घातली. आतला गाभा सुटेपर्यंत असा वास सुटला की तो आठवला की आजही मी नाकाला पदर लावते. खालचा चहावाला रोज गच्चीकडे बघून काहीतरी पुटपुटायचा. एक दिवस घरमालक, एक म्हातारा बहरीनी, तोंडाला रुमाल लावून वर आला. "शिनू हाज़ा?" म्हणाला, हे काय? बाबांनी अर्धं अरबीत अर्धं खुणांनी सांगितलं: जहाज, तोफ, दिवा. म्हातारा ऐकत राहिला. त्याचा बाप मोत्यांच्या होड्यांवर बुड्या मारायचा. त्याने पिंपात डोकावून पाहिलं, रुमाल काढला आणि म्हणाला, "यल्ला, करा." दुसऱ्या दिवशी त्याने कोळशाचं एक पोतं वर पाठवून दिलं.

शिंगाचं टोक कापायचं, उभा छेद द्यायचा, गरम करून ते पुस्तकासारखं उघडायचं आणि सपाट करायचं, असं मार्टाने सांगितलं होतं. सांगायला हे एक वाक्य आहे. बाबा खुर्चीवर बसून सांगायचे आणि मी हॅकसॉ चालवायचे. पाण्यात उकळून काढलेलं शिंग पकडीने उघडलं की ते उघडायचं खरं, पण खाली ठेवलं की पुन्हा हळूहळू गुंडाळी व्हायचं, झोपलेल्या कुत्र्यासारखं. जास्त शेकलं की करपायचं, कमी शेकलं की ताडकन तडकायचं. जळलेल्या केसांसारखा वास इमारतभर. "जोर लाव!" बाबा ओरडायचे. जोर लावला की चीर पडायची. "इतको नको!" ते पुन्हा ओरडायचे. त्यांचा डावा हात सारखा पुढे यायचा आणि मागे जायचा. एकदा त्यांनी चिडून प्लास्टरच्या हातानेच पकड घ्यायचा प्रयत्न केला आणि कळ येऊन मटकन खाली बसले. मी पकड फेकून दिली. म्हणाले, "माका जमणा नाय. तुमीच सांगा त्या सायबाक, नाय जमणा म्हणान." अर्धं पोतं वाया गेलं होतं आणि डोलकाठी जवळजवळ तयार झाली होती.

त्या दुपारी आई वर आली. ती कपडे काढायला आली असेल असं मला वाटलं. तिने दोरीवरच्या कपड्यांना हात लावला नाही. तडकलेल्या तुकड्यांचा ढीग तिने पायाने जरा सारला, एक तुकडा उचलला, उजेडात धरला.

"कोरडां झालाहा," ती म्हणाली. "तेल खय लावलास?"

"तेल?" बाबा म्हणाले.

"आमच्या वाडयेत शिंगाचे पक्षी करीत. मी चेडू होतंय तेव्हा रोज जावन बसायचंय. खोबरेल लावन लावन शेकीत. शिजवीत नाय, शेकीत. निखाऱ्यावर, लांबसून. आणि कोण घाई करी नाय." ती खाली गेली आणि हातात केसांच्या तेलाची बाटली, पोळ्यांचा तवा आणि पाठोपाठ दोन खेपांत पाटा आणि वरवंटा घेऊन आली. जिने चढून तिला धाप लागली होती. आपला एकही टोप न देणारी बाई! पदर खोचून ती निखाऱ्यांपाशी बसली आणि मला म्हणाली, "चल गो."

त्या दुपारी आम्ही दोघी बसलो ते अंधारून येईपर्यंत. ती तेल चोळायची, मी शेकायचे. शिंग मऊ झालं की ते कसं हाताला कळतं हे तिने मला शब्दांत सांगितलं नाही. माझी बोटं धरून दाबून दाखवलं, पीठ मळताना दाखवतात तसं. मग दोन गरम पत्र्यांमधे ते ठेवायचं, वर पाटा आणि पाट्यावर वरवंटा. आणि सोडून द्यायचं. पूर्ण गार होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. आमची चूक तिथेच होत होती, आम्ही गरम असतानाच ओढून बघायचो. बाबा तिसऱ्यांदा पाट्यापाशी गेले तेव्हा आई म्हणाली, "लोणच्याच्या बरणयेतसून रोज फोड काढून बघतत काय? बसा थय." आणि बाबा बसले!

सकाळी पाटा बाजूला केला. खाली बशीसारखा सपाट, पिवळट तुकडा पडला होता. गुंडाळला नव्हता, तडकला नव्हता. आता तो खरवडायचा. फुटक्या बाटलीच्या काचेच्या धारेने शिंगाची साल निघते, ही युक्ती बाबांची. पत्र्यावरचा रंग ते तसाच काढायचे. मी खरवडत गेले. भुसा उडत गेला, हाताखालचा तुकडा पातळ होत गेला आणि मग केव्हातरी त्याच्या आरपार माझ्या बोटांची सावली दिसायला लागली. राखेने घासून मी तो सूर्यासमोर धरला. मधाच्या पोळ्यातून बघावं तसा उजेड आला, आणि त्या उजेडात गच्चीच्या पलीकडे उभे असलेले बाबा मला सोनेरी दिसले. मी किंचाळले. आई धावत वर आली, तिला वाटलं हात कापला.

माझी नात मीरा परवा म्हणाली, "आजी, व्हाय डिडन्ट यू जस्ट यूज प्लास्टिक?" मी तिला म्हटलं, प्लास्टिक वितळतं. ते खरंच आहे. पण तो तुकडा सूर्यासमोर धरल्यावर काय वाटलं ते तिला इंग्रजीत कसं सांगायचं, ते अजून मला सुचलेलं नाही.

त्यानंतर आम्ही थांबलो नाही. टायपिंगचा क्लास कधी सुटला ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. आई सकाळचा स्वयंपाक उरकून वर यायची, बाबा चौकटींची मापं सांगायचे आणि मी कापायचे, जोडांना कथलाचा डाग द्यायचे, खाचेत बसवायचे. कंदिलाला खालून हवा आत यायला भोकं किती आणि वर धूर जायला टोपी केवढी, हे बाबांनी तीनदा बदललं. पहिला दिवा काजळी धरायचा, दुसरा फडफडायचा, तिसरा मात्र इतका शांत जळला की आम्ही त्याच्याभोवती बसून भात खाल्ला. सगळ्यांत स्वच्छ तुकडा मी बाजूला काढून ठेवला होता. तो कोठाराच्या खिडकीसाठी. बटाट्यांसाठी कशाला, असं बाबा म्हणाले. मी ऐकलं नाही.

निघायच्या दिवशी शुक्रवार होता. बंदरावर ही गर्दी! इंग्रज, अरब, मल्याळी, आमच्या ओळखीची मराठी कुटुंबंसुद्धा चटया घेऊन आली होती. कंदील जहाजावर नेऊन टांगायचे, तेल घालायचे, पेटवायचे. मी पेटीतून शेवटचा मोठा कंदील काढत होते तेवढ्यात हार्परसाहेब आले. यार्डाच्या कामासाठी बायकांना जहाजावर चढू देत नाहीत, त्यांनी बाबांना बजावलं. तू जा, मुलगी नको.

बाबा साहेबांसमोर कधी जास्त बोलत नसत. त्या दिवशी त्यांनी प्लास्टरचा हात गळ्यातल्या पट्ट्यातून काढला, साहेबांना दाखवला आणि मग तोच हात माझ्या खांद्यावर ठेवला.

"सर," ते म्हणाले, "माय हँड. धिस इज माय हँड."

वरून कठड्यावरून कप्तान हे बघत होता. तो जोरात हसला आणि म्हणाला, "माझ्या जहाजावर कोण चढेल ते मी ठरवतो. हाताला वर येऊ द्या!" मार्टाने शिडीवरून मला वर ओढून घेतलं. खाली आई म्हणत होती, "अगो साडी सांभाळ!" मी सलवार-कमीज घातला होता.

आम्ही दोघींनी खालपासून सुरुवात केली. आधी कोठाराशेजारची खोली. मी वात पेटवली, दार लावून घेतलं आणि पलीकडे जाऊन पाहिलं. बटाट्यांच्या पोत्यांवर मऊ, पिवळा उजेड पडला होता. मग तोफांचा मजला, एकामागून एक. शेवटी मागचे तीन. त्यांच्यासाठी जहाजाच्या शेपटावर बाहेर लोंबकळत चढावं लागायचं, कमरेला दोर बांधून. मार्टा म्हणाली, मी पेटवते. मी म्हणाले, नाही, मी. खाली हिरवं पाणी हलत होतं. तिसरा पेटला तेव्हा धक्क्यावरून ओरडा झाला. लोकांना काय समजलं होतं देव जाणे, पण ते ओरडत होते.

दोर सुटले. बंदराबाहेर पडताना सलामीची तोफ उडणार होती, आणि जहाजाला बंदराबाहेर सोडून परतणाऱ्या पायलटच्या लाँचमधून मला परत यायचं होतं, म्हणून तोवर मी जहाजावरच थांबले, खाली, मार्टाबरोबर, पहिल्या तोफेजवळच्या कंदिलाखाली. खलाशांनी कान झाकले. मी झाकले नाहीत. मला तडकल्याचा आवाज ऐकायचा होता, जर तो येणार असेल तर. कप्तानाची हाक आली आणि मग तो धडाका, जो कानांना नाही, छातीला ऐकू येतो. पायाखालची फळी उडाली. सगळीकडे पांढरा धूर, तोंडात कडवट चव, आणि काहीही दिसेना. हातसुद्धा दिसेना. मी डोकं वर करून उभी राहिले. धूर हलला. आधी नुसता पिवळा डाग. मग चौकोन. मग त्याच्यामागे दुसरा, त्याच्यामागे तिसरा, पार टोकापर्यंत. एकही वात लवली नव्हती. वरून कुणीतरी त्यांच्या भाषेत ओरडलं आणि मार्टाने मला दोन्ही हातांनी उचलून त्या ठेंगण्या छतावर माझं डोकं आपटवलं. "तिन्ही!" ती म्हणत होती. "मागचे तिन्ही!"

लाँचमधून परत येताना मी पाठ फिरवून बसले होते, जहाजाकडे तोंड करून. सूर्य बुडाला होता. तोफांच्या उघड्या खिडक्यांतून रांगेने उजेड येत होता आणि मागे तीन मोठे दिवे पाण्यावर आपली लांब वाट पाडत होते. धक्का जवळ आला तशी मला बाबांची हाक ऐकू यायला लागली. आयुष्यात त्यांना इतकं मोठ्याने बोलताना मी ऐकलं नव्हतं. ते शेजारच्यांना, पोलिसांना, कुणालाही धरून सांगत होते, "पेटते आसत! तिनय पेटते आसत! माझ्या चेडवान केले ते!" मी लाँचमधून उतरले तर आईने माझ्या तोंडावरची काजळी पदराने पुसायला सुरुवात केली, आणि पुसता पुसता ती रडायला लागली, आणि मग हसायला लागली, आणि काजळी आणखीच पसरली.

हार्परसाहेब गर्दीतून वाट काढत आले. त्यांनी टोपी काढली. आईसमोर, हे मी मुद्दाम लिहिते. मग बाबांना म्हणाले, "परब, प्लास्टर निघालं की तू कामावर ये, कागद मी करतो." आणि जायला वळून पुन्हा थांबले. "तोवर काय करणार आहेस? तोवर तुझा हात घेऊन ये. शनिवारपासून."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मी बाबांकडे पाहिलं. ते समुद्राकडे बघत होते.

हूऱ्याला जाणारी टॅक्सी मिळेपर्यंत आम्ही बरंच चाललो. टॅक्सीत बाबा पुढे बसले, आम्ही दोघी मागे. अर्ध्या वाटेवर त्यांनी मान न वळवता आईला हाक मारली.

"अगो, ऐकलंस?"

"काय?"

"शनिवारपासून डबो दोघांचो बांध."